ठरावीक जाहिराती बंद केल्या तर सीटीआर आणि कमाई, दोन्ही घसरतात का?

चुलीवरची
नमस्कार मंडळी. माझी मराठी पाककृतींची साइट आहे हे इथल्या जुन्या सभासदांना ठाऊक आहेच. जाहिराती अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरातसेवेमार्फत येतात. मध्यंतरी एका वाचक काकूंचा मेल आला, सोबत मोबाइलचा स्क्रीनशॉट. नाचणीच्या घावनांच्या पाककृतीत, साहित्याच्या यादीला अगदी चिकटून, कुठल्याशा चूर्णाची जाहिरात होती: साखर मुळापासून बरी, इन्सुलिन कायमचं बंद. काकूंनी विचारलं होतं, "तुमच्या साइटवर आहे म्हणजे चांगलंच असेल, मागवू का?"

वाचून मला घामच फुटला. त्यांना लगेच नको म्हणून कळवलं आणि तासाभरात ती जाहिरात बंद केली. त्या पाठोपाठ वजन घटवणे, औषधं-पूरकं, काळी जादू-ज्योतिष आणि झटपट श्रीमंती हे चारही संवेदनशील प्रकार बंद करून टाकले.

तेव्हापासून सीटीआर, म्हणजे दिसलेल्या जाहिरातींपैकी कितींवर क्लिक होतो तो टक्का, चांगलाच खाली आला आहे. कमाईही उतरली आहे, पण सीटीआरइतकी नाही. ओळखीतले एक गृहस्थ या धंद्यात आहेत, ते म्हणतात, "अजून बंद कर. स्वस्तातले जाहिरातदार शोधून काढ आणि त्यांना हाकल, म्हणजे महागडे आपोआप येतील."

तर विचारायचं आहे ते हे. बंद केल्यामुळे सीटीआर पडणं साहजिक आहे का? तो पुन्हा वर येतो का? आणि स्वस्त जाहिराती बंद करून कमाई वाढते, हे खरं आहे का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. होस्टिंगचं वर्षाचं बिल तोंडावर आहे.

गवतीचहा
काकूंना वेळेवर उत्तर दिलंत हे फार बरं केलंत ताई. बाकी तांत्रिक बाबतीत जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पाटीलबुवा
मी बाजारभावाची साइट चालवतो. कांदा, सोयाबीन, हळद, तूर. माझं मत स्पष्ट आहे: काहीही बंद करू नका. जाहिरात आपण निवडत नाही, ती पैसे घेऊन दाखवणारी कंपनी वेगळी, माल विकणारी वेगळी. आपण जागा भाड्याने दिली आहे. आधीच मराठी साइटला इंग्रजीच्या मानाने भाव कमी मिळतो. हिंदीला अ‍ॅडसेन्सचा अधिकृत पाठिंबा २०१४ च्या डिसेंबरात मिळाला, आपल्याला त्यानंतर कित्येक वर्षं ताटकळावं लागलं. मराठीसाठी बोली लावणारे आधीच मूठभर, त्यातले चार आपल्याच हाताने घालवले तर उरणार कोण?

आकडेमोड
ताई, सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न सारखा येतो आणि त्यावर चुकीचा सल्लाच जास्त फिरतो.

आधी स्वस्त जाहिरातींचं बघू. साइटवरच्या प्रत्येक जागेसाठी पान उघडताक्षणी लिलाव होतो. जाहिरातदार क्लिकमागे बोली लावत असला, तरी लिलावात त्याची तुलना होते ती हजार दर्शनांमागे (दर्शन म्हणजे जाहिरात एकदा दिसणं) अपेक्षित रकमेवर. म्हणजे क्लिकची बोली गुणिले क्लिक होण्याची शक्यता.

समजा, 'अ' जाहिरातदार क्लिकमागे दीड रुपया देतो आणि त्याच्या जाहिरातीवर शंभरातले ४ जण क्लिक करतील असा अंदाज आहे. हजार दर्शनांत ४० क्लिक, म्हणजे ६० रुपये. 'ब' क्लिकमागे १० रुपये देतो, पण त्याच्यावर हजारात ५ च क्लिक होतील. म्हणजे ५० रुपये. लिलाव 'अ' जिंकतो. आपण अहवालात दीड रुपयाचा क्लिक बघून हळहळतो आणि 'अ'ला बंद करतो. मग 'ब' येतो. क्लिकमागचा दर एकदम दहावर गेलेला पाहून आनंद होतो. प्रत्यक्षात हजार दर्शनांमागचे १० रुपये गेलेले असतात.

स्वस्त दिसणारी जाहिरात पानावर आली, याचाच अर्थ त्या क्षणी त्या वाचकासाठी तिच्याहून जास्त द्यायला कोणी तयार नव्हतं. तिला काढून महाग येत नाही, तिच्या खालची येते. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा हिशेब इथे चुकतो.

आता सीटीआर. तुम्ही बंद केलेले चारही प्रकार असे आहेत की त्यांच्या जाहिराती क्लिक खेचण्यासाठीच बनवलेल्या असतात. 'डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत' छापाच्या. त्या गेल्या की सीटीआर पडणारच, आणि तो पूर्वीच्या जागी येण्याची वाट बघू नका. पण तो पडला म्हणजे तेवढी कमाई गेली असं नाही. पुन्हा समजा: आधी हजार पानांमागे सीटीआर २ टक्के, २० क्लिक, प्रत्येकी २ रुपये, एकूण ४०. नंतर सीटीआर १.२ टक्के, १२ क्लिक, प्रत्येकी ३ रुपये २० पैसे, एकूण ३८ रुपये ४० पैसे. सीटीआर ४० टक्क्यांनी घसरला, कमाई ४ टक्क्यांनी. तुमच्याकडे असंच काहीसं घडतंय, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

पाहायचा आकडा म्हणजे पानाचा आरपीएम, हजार पानांमागची कमाई. सीटीआर हा फक्त त्याचा एक तुकडा.

सातबारा
आकडेमोड यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे. त्यात माझ्या अनुभवाची भर.

माझ्याकडे सरकारी अर्जांचे नमुने पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, फेरफार वगैरे. अशा साइटवर एक खास जमात येते: जाहिरातीत दुसरं काहीच नाही, फक्त मोठं हिरवं बटण आणि त्यावर 'डाउनलोड'. माझं खरं बटण त्याच्याच खाली, निळं, साधं. गावाकडून तालुक्याला निघालेला माणूस घाईत हिरवं दाबतो आणि भलतंच अ‍ॅप उतरवून बसतो. सीटीआर भलताच वर. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, काय साइट आहे!

पण असे क्लिक टिकत नाहीत. महिनाभर अंदाजित कमाई फुगलेली दिसायची आणि महिनाअखेरीला अंतिम रकमेत अवैध क्लिकपोटी कपात व्हायची. ज्याने चुकून दाबलं तो दोन सेकंदांत मागे फिरतो, जाहिरातदाराच्या पदरी काही पडत नाही, आणि मग त्या साइटसाठीच्या बोल्याही उतरतात. मी अ‍ॅडसेन्सच्या जाहिरात परीक्षण केंद्रात बसून ही बटणं एकेक करून काढली, जाहिरातींच्या जागाही खऱ्या बटणापासून दूर नेल्या. सीटीआर निम्म्याहून खाली आला. हातात पडणारी रक्कम मात्र काही महिन्यांत पूर्वीच्या पुढे गेली.

म्हणून माझं म्हणणं: सीटीआर फार वर असेल तर आनंद मानण्याआधी कोण कशावर क्लिक करतंय ते तपासा.

पाटीलबुवा
@सातबारा, तुमचं प्रकरण निराळं आहे. ती सरळसरळ फसवी जाहिरात. तिला काढायला माझाही विरोध नाही. पण चूर्ण, ज्योतिष, कर्ज हे लोक स्वतःहून शोधतात. वाचक सज्ञान आहे. आपण कोण त्याला वळण लावणारे?

मृगजळ
पाटीलबुवा, वयाने तुम्ही मोठे आहात, पण इथे मी असहमत आहे. 'मधुमेह बरा करतो' अशी जाहिरात करणं हा अभिरुचीचा प्रश्न नाही, आपल्या देशात ते बेकायदा आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत ज्या रोगांवर उपचाराचा दावा जाहिरातीत करता येत नाही त्यांची यादीच दिली आहे, आणि मधुमेह त्या यादीत आहे. वशीकरण, करणी-उतारा यांचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सट्टेबाजीच्या जाहिराती घेऊ नका, असं माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ च्या जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये माध्यमांना बजावलं होतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केला.

जागा भाड्याने दिली म्हणून हात झटकता येतील का, याचं कायदेशीर उत्तर प्रकरणागणिक बदलेल. पण ताईंच्या त्या काकूंनी विश्वास चूर्णवाल्यावर ठेवला नव्हता, ताईंवर ठेवला होता. हा विश्वास आपल्या खात्यावर जमा असतो, जाहिरात कंपनीच्या नाही.

निळूकाका
मृगजळ, +१. शेवटचं वाक्य तर अगदी.

पाटीलबुवा
कायद्याची माहिती दिलीत, आभार. आरोग्याच्या दाव्यांबाबत तुमचं म्हणणं मान्य. पण 'वित्त' किंवा 'खेळ' असे प्रकारच्या प्रकार बंद करायचा सल्ला कोणी देऊ नये, यावर मी ठाम आहे.

आकडेमोड
बुवा, त्यावर मीही तुमच्याच बाजूचा आहे. कर्जाच्या अ‍ॅपचा राग येतो म्हणून लोक अख्खं 'वित्त' बंद करतात. त्याबरोबर बँका, विमा, म्युच्युअल फंड सगळेच जातात. क्लिकला चांगला भाव देणारे हेच. 'वित्त' उघडलं की आत पोटप्रकार आहेत, त्यातलं कर्ज-उधारीचं तेवढं बंद करता येतं. विळी लागेल तिथे कुऱ्हाड नको.

दुबईकर
बाहेरदेशी राहणाऱ्या वाचकाची बाजू मांडतो. मी मराठी साइट दुबईतून वाचतो तेव्हा मला जाहिराती इंग्रजीत दिसतात: पैसे पाठवायच्या सेवा, विमानाची तिकिटं, घरं. जाहिरात भाषेइतकीच वाचकाच्या ठिकाणावरही ठरते. आमच्यासारख्यांच्या दर्शनांचा भाव देशातल्यापेक्षा बराच जास्त असतो, हे इथे साइट चालवणारे सगळेच सांगतील. तुम्ही एखादा प्रकार बंद केलात की तो सगळ्या देशांसाठी बंद होतो. सांगलीतल्या वाचकाला कर्जाच्या अ‍ॅपपासून वाचवायला जाल आणि न्यू जर्सीतल्या वाचकासाठी बोली लावणारी बँकही जाईल. देशवार बंद करायची सोय नाही, तेव्हा प्रकार निवडताना हे ध्यानात ठेवा.

फिरस्ता
अवांतर: नाचणीच्या घावनांची लिंक द्या की!

चुलीवरची
@फिरस्ता, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. :)

@आकडेमोड, फार मनापासून आभार. एक शंका. बंद करायच्या पानावर प्रत्येक प्रकारासमोर दोन टक्केवाऱ्या दिसतात, दर्शनांची आणि कमाईची. औषधं-पूरकांसमोर कमाईचा टक्का दर्शनांच्या टक्क्याहून जास्त होता. म्हणजे तो प्रकार बंद केल्यावर तेवढी कमाई पूर्ण बुडाली, असंच ना?

आकडेमोड
नाही. तिथेच बहुतेक जण घाबरतात. ती जागा रिकामी राहत नाही, लिलावातला पुढचा येऊन बसतो. समजा एखाद्या प्रकाराचा कमाईतला वाटा ९ टक्के आहे. बंद केल्यावर ९ टक्के जात नाहीत. जिंकलेल्याची रक्कम आणि त्याच्या जागी येणाऱ्याची रक्कम यांत जो फरक असेल, तेवढंच नुकसान. बोली लावणारे पुष्कळ असतील तर तो फरक नगण्य. मूठभर असतील तर मोठा. पाटीलबुवांचं मूठभरांचं म्हणणं इथे लागू पडतं.

एक जुनी गोष्टही सांगून ठेवतो, कारण इंटरनेटवरचे बरेच लेख तिच्या आधीचे आहेत. पूर्वी अ‍ॅडसेन्समध्ये दुसऱ्या किमतीचा लिलाव होता. जिंकणारा स्वतःची बोली भरत नसे, दुसऱ्या क्रमांकाच्या जेमतेम वर भरत असे. त्या काळी कधीच न जिंकणारा जाहिरातदार बंद केला तरी कमाई कमी व्हायची, कारण किंमत त्याच्यामुळे वर राहायची. २०२१ च्या अखेरीस पहिल्या किमतीचा लिलाव आला, आता जिंकणारा आपली बोली भरतो. तरीही चढाओढ कमी झाली की जाहिरातदारांच्या यंत्रणा ते ओळखतात आणि हळूहळू बोली उतरवतात. परिणाम उशिरा दिसतो, पण दिसतो.

शिवाय २०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स पैसे क्लिकमागे नाही, दर्शनांमागे मोजून देतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्येच हे जाहीर झालं होतं. तेव्हा सीटीआरचा धसका घ्यायचं आणखी एक कारण कमी झालं.

अनामवीर
म्हणजे आता क्लिक नाही झाले तरी पैसे?

आकडेमोड
@अनामवीर, तसं नाही. क्लिक किंवा खरेदी व्हावी म्हणून तर जाहिरातदार बोली लावतो. तुमच्या साइटवरून त्याला काहीच मिळत नसेल तर तो बोली खाली आणेल. फक्त तुमचं बिल क्लिक मोजून बनत नाही, एवढंच.

कोकणकडा
मोजणीबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. 'बंद केलं आणि कमाई पडली' म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो: कधी बंद केलं? दसरा-दिवाळीच्या आधी जाहिरातदार सढळ हाताने खर्च करतात, वर्षाचं बजेट डिसेंबरपर्यंत संपवतात. जानेवारी लागला की आरपीएम सगळीकडेच आपटतो. डिसेंबरअखेर बंद केलं आणि जानेवारीतली घसरण त्याच्या माथी मारली, तर चोर सोडून संन्याशाला सुळी. पाककृतींच्या साइटवर तर श्रावण, गणपती, दिवाळीचा फराळ यांप्रमाणे वाचकही बदलतो. फराळाच्या दिवसांत येणारा वाचक आणि एरवी डब्याची भाजी शोधणारा वाचक एकच नव्हे, त्यांना दिसणाऱ्या जाहिरातीही सारख्या नसतात.

म्हणून 'आधीचा महिना आणि नंतरचा महिना' ही तुलना करू नका. अ‍ॅडसेन्सच्या आतच प्रयोगाची सोय आहे. त्यात बंद करण्याच्या सेटिंगवरही प्रयोग लावता येतो: काही वाचकांना मूळ सेटिंग, उरलेल्यांना बदललेली, आणि दोन्ही एकाच काळात. ऋतू, सण, निवडणुका सगळं दोन्ही बाजूंना सारखंच लागतं.

सातबारा
+१. फक्त छोट्या साइटवर निकाल लागायला बराच वेळ जातो. मध्येच घाईने थांबवू नये.

मृगजळ
प्रयोगाला मोठी मर्यादा आहे, तीही ध्यानात घ्या. जाहिरातीचा वीट येऊन जो वाचक परतच येत नाही, तो या आकड्यांत कुठेच दिसत नाही. प्रयोग आजच्या दर्शनांची किंमत मोजतो. माझी आई एक मराठी बातम्यांची साइट रोज वाचायची. दर चार ओळींनंतर पोटाच्या चरबीचे बीभत्स फोटो. एक दिवस तिने मला फोन दिला आणि म्हणाली, "हे काढून टाक माझ्या फोनवरून." मी जाहिरातरोधक टाकून दिला. त्या दिवसापासून त्या एका साइटचंच नव्हे, आई वाचते त्या सगळ्याच साइटचं उत्पन्न शून्य. चांगल्या साइटही त्यात भरडल्या गेल्या.

पाटीलबुवा
हा मुद्दा मला पटला. माझ्याकडे शेतकरी साध्या फोनवर, कमी नेटवर्कमध्ये भाव बघायला येतो. पान उघडताच जाहिरात भाव झाकून टाकत असेल तर तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला फोन करून भाव विचारेल. मी जाहिराती बंद केल्या नाहीत, पण त्यांची संख्या मी कमीच ठेवली आहे.

कोकणकडा
बुवा, तेही महत्त्वाचंच. 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' या संघटनेने वाचकांना सर्वांत जास्त नकोशा वाटणाऱ्या जाहिरातींचे निकष ठरवले आहेत. मोबाइलवर मजकुराच्या ३० टक्क्यांहून जास्त उंची जाहिरातींनी व्यापली, पान दिसण्याआधीच जाहिरात आली, आवाजासकट व्हिडिओ आपोआप सुरू झाला, असं सगळं त्यात येतं. हे वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम ब्राउझर स्वतःच गाळतो. २०१८ च्या फेब्रुवारीत काही देशांत सुरू झालं, २०१९ च्या जुलैपासून जगभर. म्हणजे आपण स्वतःहून आवर घातला नाही तर ब्राउझर घालतो, आणि तो सगळ्याच काढतो.

हळदीकुंकू
माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, साइटवरून ऑर्डर घेते. काळा मसाला, मेतकूट, भाजणी. माझ्याच काळ्या मसाल्याच्या पानावर दुसऱ्या मसालेवाल्याची जाहिरात यायची. ती मी त्याच्या साइटचा पत्ता टाकून बंद केली. जाहिरातीतून मिळणारे पैसे किरकोळ आणि एक गिऱ्हाईक गेलं तर पाव किलो मसाल्याची विक्री जाते, इथे विचार करायची गरजच पडली नाही. ज्यांचं स्वतःचं काही विकायला आहे त्यांनी हा हिशेब वेगळा मांडावा. मी आता विक्रीच्या पानांवरून जाहिराती पूर्ण काढल्या आहेत, फक्त लेखांवर ठेवल्या आहेत.

निळूकाका
हळदीकुंकूताई, भाजणी परदेशी पाठवता का?

दुबईकर
मीही हेच विचारणार होतो.

हळदीकुंकू
दोघांनाही व्यनि केला आहे. धाग्याचा बाजार नको करूया.

सातबारा
पत्ता टाकून बंद करण्याबद्दल एक सूचना. काही जाहिरातदार आज एका नावाच्या पत्त्यावरून येतात, उद्या दुसऱ्या. तुम्ही एक बंद करता, तोच मजकूर नव्या पत्त्याने हजर. अशांच्या मागे पत्ते घेऊन धावू नका. जाहिरात परीक्षण केंद्रात ती जाहिरात उघडली की जाहिरातदाराचं अख्खं खातं बंद करायचाही पर्याय असतो, तो वापरा. आणि संवेदनशील प्रकार बंद असला तरी सगळ्या जाहिराती अडतील असं नाही. वर्गवारी यंत्र करतं, काही निसटतात. आठवड्यातून एकदा, दुपारी चहा घेता घेता परीक्षण केंद्रावर नजर टाकायची सवय लावा. सर्वांत जास्त दिसलेल्या जाहिराती आधी बघितल्या तरी पुष्कळ काम होतं.

अनामवीर
मी तर सगळंच बंद करून फक्त पुस्तकं आणि प्रवास एवढंच ठेवावं म्हणतोय. साइट माझी, आवड माझी.

आकडेमोड
@अनामवीर, ज्या वाचकासाठी त्या दोन प्रकारांत बोलीच नसेल, तिथे जागा रिकामी राहील किंवा अगदी कवडीमोल जाहिरात येईल. हौसेची साइट असेल तर खुशाल करा. मग त्यापेक्षा जाहिराती काढूनच टाका, पान तरी झटकन उघडेल.

पाटीलबुवा
ताईंच्या बिलाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला, म्हणून माझा उपाय सांगतो. मी निम्मा खर्च थेट जाहिरातींतून काढतो. आमच्या भागातली दोन कृषी सेवा केंद्रं आणि एक ठिबकवाले महिन्याचे ठरलेले पैसे देतात. साधा चौकोनी फलक, त्यांच्या दुकानाचा फोन नंबर. मी स्वतः दुकानात जाऊन माल बघितला आहे, शेतकऱ्याला काय दाखवतोय हे मला माहीत आहे. लिलाव नाही, सीटीआर नाही, जानेवारीची घसरण नाही.

ताई, तुमच्याकडे घाण्याचं तेल काढणारे, लाकडी पोळपाट-लाटणं करणारे, बिडाचे तवे विकणारे नक्की येतील. एक करा: अशा दुव्यांना 'स्पॉन्सर्ड' हा टॅग लावा. २०१९ पासून गूगलने पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी तो ठेवला आहे. नाहीतर शोधातलं स्थान घसरू शकतं.

मृगजळ
बुवा, मघाशी "आपण कोण वळण लावणारे" आणि आता दुकानात जाऊन माल तपासताय! हे फार आवडलं.

पाटीलबुवा
तिथे नाव माझं जातं ना पोरी. गावात तोंड दाखवायचं असतं.

मृगजळ
काकूंनाही ताईंचंच नाव दिसलं होतं, बुवा. जाहिरात कुठून आली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

पाटीलबुवा
बरोबर आहे तुझं. औषधांचा प्रकार आज रात्रीच बंद करतो. कीटकनाशकांचे अवाच्या सवा दावे करणाऱ्याही दोन-तीन जाहिराती डोक्यात आहेत, त्यांची खाती शोधतो.

चुलीवरची
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी आता असं करणार आहे.

औषधं-पूरकं, वजन घटवणे, काळी जादू-ज्योतिष आणि झटपट श्रीमंती हे बंदच राहतील. त्यांच्यावर प्रयोग करणार नाही. प्रयोगात उघडे ठेवणं जास्त फायद्याचं निघालं तरी मी ते उघडणार नाही, मग मोजून काय करायचं? जे जाईल ते जाईल.

कर्ज-उधारी आणि सनसनाटी मजकूर या दोन्हींवर मात्र प्रयोग लावते, कारण तिथे मला नक्की काय योग्य ते ठरवता येत नाहीये. 'वित्त' उघडंच ठेवते. सीटीआर बघायचं सोडते, आरपीएम आणि महिनाअखेरची अंतिम रक्कम बघते. साहित्याच्या यादीला चिकटलेली जागा काढते, जाहिरात कृती संपल्यावर येईल. आणि बिडाच्या तव्यावर मी दोन लेख लिहिले आहेत, तेव्हा बुवांच्या सल्ल्याप्रमाणे तवेवाल्यांशी बोलते.

एक शेवटचं विचारते. दोन्ही प्रकार एकाच प्रयोगात घालू, की वेगवेगळे?

कोकणकडा
वेगवेगळे. एकत्र घातले आणि आरपीएम पडला तर कशामुळे पडला ते कळणार नाही. आधी कर्जाचा लावा, तो पूर्ण होऊ द्या. आणि लावताना विजेता आपोआप निवडण्याचा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा. यंत्र फक्त कमाई बघून निवडेल, निर्णय तुमच्या हातात राहू द्या. फराळाची गर्दी सुरू व्हायच्या आत सुरू केलात तर बरं.

चुलीवरची
आजच लावते.

फिरस्ता
घावन जमले. दुसऱ्या बाजूने जरा करपले, पण जमले.

चुलीवरची
@फिरस्ता, आच मध्यम ठेवा आणि झाकण काढल्यावर मगच उलटा.